तिसरा दुधी

“हात दाखव,” अप्पा म्हणाले.

मी भांडी घासत होते. कोपरापर्यंत फेस. “कुठला?”

“दोन्ही. धुवून, पुसून.”

सकाळी सकाळी सासऱ्यानं सुनेचे हात तपासायला मागावेत, असं मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेलं नाही. पण आमच्या घरात काहीही होऊ शकतं. अप्पांच्या एका हातात भिंग होतं आणि दुसऱ्या हातात अंघोळीच्या साबणाची कोरी वडी, नुकतीच कागदातून काढलेली. ती त्यांनी माझ्यापुढे धरली.

“यावर नख दाब. आधी अंगठ्याचं, मग एकेक बोट.”

“अप्पा, मी नर्स आहे. नखं वाढवली तर आमची मेट्रन मला वॉर्डात पाऊल टाकू द्यायची नाही.”

“तू केलंस असं मी कुठे म्हणतोय? दाब तर खरं.”

दाबलं. साबणावर नुसते खळगे उमटले. अप्पांनी भिंगातून पाहिलं आणि “हं” म्हणाले. अप्पांच्या “हं”चे पुष्कळ अर्थ होतात; ‘पटलं’ हा त्यातला नव्हे.

“आईंचं घेतलंत का?”

“तिचं झालं. दूधवाल्याचंही झालं. तो कुरतडतो, त्याला नखच नाही.”

आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, “सूनबाई, त्यांना विचार, आता अंघोळ कशानं करायची? घरातला शेवटचा साबण आहे तो!”

झालं होतं एवढंच, की अप्पांच्या तिसऱ्या दुधीवर कुणीतरी नख मारलं होतं.

तुम्ही म्हणाल, दुधीवर नख मारलं तर एवढं काय? बाजारात सगळेच मारतात. पण हा दुधी बाजारातला नव्हता, प्रदर्शनातला होता. आमच्या इथल्या बागकाम मंडळाचं दरवर्षी प्रदर्शन भरतं आणि त्यात ‘तीन दुधींचा संच’ असा एक वर्ग असतो. तिन्ही दुधी एकाच माणसाच्या वेलावरचे हवेत. उंची, जाडी, रंग, मानेची बारीक वळणं, सगळं तिळ्या भावंडांसारखं एकसारखं हवं. अंगावरची लव जागच्या जागी हवी. ओरखडा, छिद्र, नखाची खूण काहीही दिसलं की परीक्षक पुढचं पाहतसुद्धा नाहीत, सरळ ‘बाद’ लिहिलेलं कार्ड ठेवतात.

अप्पा एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघराचं स्टोअर सांभाळून निवृत्त झाले. रोज पहाटे भाजीच्या गाड्या यायच्या आणि एकूण एक पाटी अप्पांच्या हाताखालून जायची. उलटी करून, दाबून, टोचून, नाकाला लावून. वर ताजा माल आणि तळाशी कुजका, पाणी मारून जड केलेली पालेभाजी, असलं सगळं त्यांनी आयुष्यभर पकडलं. संशय घेण्याचाच त्यांना पगार मिळत होता. पगार बंद झाला, संशय चालू राहिला. वर्तमानपत्र चुरगळलेलं आलं तर ते आधी कुणीतरी वाचलेलं असणार. मी ड्यूटीवरून लवकर आले तर तिथे काहीतरी बिनसलेलं असणार. माझा नवरा कायम फिरतीवर; तो फोनवर “सगळं ठीक आहे” म्हणाला की अप्पा फोन ठेवत आणि आम्हा दोघींकडे बघत म्हणत, “काहीतरी लपवतोय.”

“माझ्यावर संशय घेतला नाही असा एक दिवस आठवून सांगा,” सासूबाई त्यांना म्हणायच्या. अप्पा खरंच आठवत बसायचे.

अशा माणसाला मित्र होता, आणि तो एकच होता. भिंतीपलीकडचे घड्याळवाले काका. पुढच्या खोलीत घड्याळदुरुस्तीचं दुकान, मागच्या खोलीत एक कॉट, एक स्टोव्ह, एवढाच संसार. बायको नाही, पोर नाही. बोलायचे कमी, हसायचे त्याहून कमी. पण संध्याकाळी दुकानाची फळी लावली की दोन्ही अंगणांमधल्या बुटक्या भिंतीवर येऊन टेकायचे आणि मग दोघांचं जे दुधीपुराण सुरू व्हायचं ते अंधार पडेपर्यंत. अप्पांच्या वेलाचं बी काकांनीच दिलेलं. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. नर फूल तोडून मादी फुलाला हळूच टेकवायचं, याला दोघं ‘लग्न लावणं’ म्हणायचे. यंदा दोघांनी एकाच संध्याकाळी आपापल्या मांडवात लग्नं लावली होती आणि सासूबाईंनी विचारलं होतं, “आम्हाला जेवायला कधी बोलावताय?”

अप्पांच्या मांडवाला चार दुधी धरले. एकाला फळमाशीनं टोचलं आणि तो वाकडा झाला. उरले तीन. त्या तिघांची काय बडदास्त होती, बाई! तारेला घासू नयेत म्हणून मधे कापड. उन्हाची बाजू पिवळी पडू नये म्हणून कागदाचा पडदा. लव झडू नये म्हणून अप्पा हातात माझ्या नवऱ्याचे जुने सुती मोजे घालून मगच दुधीला हात लावायचे. शिंप्याची टेप घेऊन रोज घेर मोजायचे. मला लग्नात एवढं कुणी निरखलं नसेल.

आणि एका सकाळी तिसऱ्या दुधीच्या पोटावर ती खूण दिसली. अर्धगोल, खोल. आतून चीक येऊन तिथे डिंकासारखा थेंब वाळला होता.

“माशी असेल,” मी म्हणाले.

“माशीला नखं असतात?”

मग साबण निघाला, भिंग निघालं, आणि आम्ही सगळे एकेक करून त्या वडीवर उमटलो. कुणाचंच नख जुळेना. अप्पा दोन दिवस मांडवाखाली खुर्ची टाकून बसले. तिसऱ्या दिवशी जेवताना मधेच त्यांचा हात थांबला.

“करंगळी,” ते म्हणाले.

“कुणाची?”

“घड्याळवाल्याची. त्याच्या उजव्या करंगळीचं नख बघितलंयस का कधी? एवढं लांब. आणि रोज तो भिंतीवर कशाला येतो? माझे दुधी बघायला. त्याचेही तीन आहेत. माझा एक गेला की मैदान मोकळं.”

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. “अप्पा, खूण रुंद आहे. करंगळीचं नख केवढंसं असतं?”

“तिरकं दाबलं की रुंद उमटतं.”

“आणि ते भिंत ओलांडून आले कधी?”

“ते त्याला विचार.”

संशयी माणसाशी वाद घालू नये. त्याच्याकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार असतात. सासूबाईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं, पण त्यांचंही जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

त्या संध्याकाळी काका भिंतीवर आले, तर अप्पा अंगणात फिरकले नाहीत. दुसऱ्या दिवशी भिंतीवर पत्र्याचा आडोसा उभा राहिला. काकांनी मला दारात गाठून विचारलं, “स्टोअरसाहेबांना बरं नाही का?” मी म्हणाले, “थोडं अंग दुखतंय.” दुसरं काय सांगणार? पुढे रोज ते पत्र्यापलीकडे थोडा वेळ उभे राहत. खोकत. मग आत जात. मला फार वाईट वाटायचं. वॉर्डात मी असे म्हातारे बघते, ज्यांना भेटायला कुणीच येत नाही, आणि तरी भेटीच्या वेळेला ते केस विंचरून बसतात.

आणि आता अप्पांनी ठरवलं होतं, प्रदर्शनाच्या सकाळी मंडळापुढे तक्रार करायची. दुसऱ्याचा माल नासवला हे ठरलं तर मंडळ त्या माणसाला कायमचं काढून टाकतं. पत्रा आज ना उद्या खाली आला असता. पण चारचौघांत घातलेला आळ कोण खाली उतरवणार? काकांना दुधी सोडून दुसरं काही नव्हतं, आणि खरं बोलायचं तर अप्पांनाही काकांना सोडून दुसरं कुणी नव्हतं. त्यांना ते कळत नव्हतं एवढंच. मी दोनदा सांगून पाहिलं. “तू त्याची बाजू का घेतेस?” असं त्यांनी विचारलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी तोंडाला कुलूप लावलं.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी पत्र्यापलीकडून हाक आली. “स्टोअरसाहेब, देठ किती ठेवताय? वेलाचा तुकडा ठेवायचा ना दोन्ही बाजूंनी?”

अप्पा ताडकन उठले. पत्रा बाजूला सारला. मी दोरीवरचे कपडे काढायला अंगणात आले होते, तिथेच खिळून राहिले.

“देठाचं मला काय विचारता? नख कुठं मारायचं ते बरं माहीत होतं!”

“कसलं नख?”

“हे!” अप्पांनी काकांची करंगळी धरून वर केली. “माझा तिसरा दुधी टोचलात तुम्ही. उद्या मंडळात सांगणार आहे मी.”

काका आपल्याच बोटाकडे बघत राहिले, जणू ते दुसऱ्याचं आहे. मग हळूच म्हणाले, “या नखानं मी स्क्रू उचलतो, स्टोअरसाहेब. चिमट्यापेक्षा यात पकड चांगली बसते.”

“दिसतंय कशावर पकड बसते ते.”

काकांनी हात सोडवून घेतला. माझ्याकडे पाहिलंही नाही. आत गेले. मी अप्पांना म्हणाले, “शोभतं का हे तुम्हाला?” लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना असं उलटून बोलले असेन. अप्पा पत्रा परत सरळ करत होते.

सकाळी शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती, त्यांवर पांढरी कापडं. अप्पांनी मला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं होतं. त्यांचे उरलेले दोन दुधी त्यांनी एकेरी वर्गात मांडले, दाढीच्या जुन्या ब्रशनं धूळ झटकली, मोजे काढून खिशात घातले. मग म्हणाले, “चल. परीक्षक यायच्या आत सेक्रेटरींना गाठू.”

काकांचं टेबल वाटेतच होतं. काका तिथे पाठमोरे उभे राहून कापडाच्या सुरकुत्या काढत होते. त्यांचा उजवा हात मला दिसला. करंगळीचं नख त्यांनी कापून टाकलं होतं. अगदी मुळापर्यंत.

“बघितलंस?” अप्पा माझ्या कानाशी म्हणाले. “पुरावा नाहीसा केला.”

मला त्यांना तिथेच सोडून घरी निघून जावंसं वाटलं. आता ते नख वाढेपर्यंत हा माणूस स्क्रू कशानं उचलणार, हे एवढंही त्यांच्या डोक्यात येत नव्हतं. तेवढ्यात काका पाण्याची बाटली घेऊन नळाकडे गेले. त्यांनी आम्हाला पाहिलं होतं की नाही कोण जाणे. अप्पा त्यांच्या टेबलापुढे जाऊन उभे राहिले.

तीन दुधी. फिकट हिरवे, अंगावर लव तशीच, तिघांच्या माना एकाच बाजूला किंचित कललेल्या. मला त्यातलं काही कळत नाही, पण मीसुद्धा बघत राहिले. अप्पांनी हात पाठीमागे बांधले आणि वाकले. चष्मा नाकावर खाली घेतला. खोट शोधत होते, दुसरं काय.

“देठ ताजा,” ते पुटपुटले. “रंग एक. मान एक. डाग नाही.”

एक हात पाठीमागून सुटला आणि पुढे आला. पहिल्या दुधीच्या पाठीवरून अलगद फिरला. मधल्यावरून फिरला. तिसऱ्यावर येऊन थांबला, आणि अंगठा उभा झाला आणि नख आत गेलं. कच असा अगदी बारीक आवाज झाला.

“कोवळा आहे,” अप्पा म्हणाले. “घ्या आत.”

हे ते मोठ्यानं म्हणाले. हमालाला सांगावं तसं, मान न वळवता. एवढी वर्षं रोज पहाटे सांगत आले तसं.

मग त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. नखाला ओला हिरवा चीक लागला होता. दुधीवर अर्धगोल उमटला होता, खोल आणि रुंद. मला भिंग लागलं नाही. त्यांनाही लागलं नसावं. साबणाच्या त्या वडीवर सगळ्यांची नखं होती, एक त्यांचं सोडून. आणि मला एकदम तो दिवस आठवला, मी मोजे धुऊन दोरीवर टाकले होते आणि अप्पा तसेच मांडवात गेले होते.

“सूनबाई,” ते म्हणाले. “सूनबाई, तो पण...?”

“हो, अप्पा.”

“मला कळलंसुद्धा नाही गं.”

मी त्यांचा दंड धरला. माझा आदल्या रात्रीपासूनचा सगळा राग कुठल्या कुठे गेला आणि नुसती भीती वाटली. कारण समोरून काका बाटली घेऊन येत होते आणि दुसऱ्या दारातून परीक्षक. अजून कुणीच काही पाहिलेलं नव्हतं. दुधी उलटा करून ठेवायला एक क्षण पुरला असता. अप्पांनाही ते सुचलं असणार. असल्या युक्त्या त्यांच्याइतक्या कुणाला माहीत होत्या? त्यांनी दुधीला हात लावला नाही. काका येईपर्यंत तसेच उभे राहिले.

“घड्याळवाले, तुमच्या तिसऱ्या दुधीवर नख लागलंय. माझं.”

काकांनी आधी दुधी पाहिला, मग अप्पांना. “वचपा काढलात.”

“नाही हो. हात आपोआप गेला.”

“आपोआप.”

“हो. आणि माझ्या दुधीवरचंही माझंच होतं. तुमचं नव्हतं. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला.”

काकांनी बाटली टेबलावर ठेवली. तोवर परीक्षक बाई पोचल्या. अप्पांनी त्यांनाही सांगितलं. जसं घडलं तसं, हमालाला सांगायच्या वाक्यासकट. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “खूण आहे म्हणजे बाद. कुणाचं नख, ते आमच्या नियमात येत नाही.”

“मग कार्डावर तसं लिहा तरी. की दोष मालकाचा नाही.”

“कार्डावर तेवढी जागा नसते हो.”

आणि त्या कार्ड ठेवून पुढे गेल्या. ‘बाद’. खाली काकांचं नाव आणि गल्ली.

अप्पा आधी आपल्या टेबलाकडे गेले. त्यांनी स्वतःचे दोन्ही दुधी उचलून पिशवीत घातले आणि पिशवी माझ्याकडे दिली. मग परत आले आणि काकांच्या टेबलाशेजारी जाऊन उभे राहिले. उजव्या हाताची मूठ वळलेली, अंगठा आत.

दारं उघडली. लोक आत यायला लागले. पहिलं एक जोडपं आलं. बाई कार्ड वाचून म्हणाली, “अरेरे, किडका निघाला वाटतं.”

“नाही,” अप्पा म्हणाले. “माल चोख आहे. नख माझं आहे. मी चुकून मारलं.”

ती दोघं एकमेकांकडे बघून पुढे सरकली. मग एक गृहस्थ आले. मग शाळेतल्या शिक्षिकांचा घोळका. प्रत्येकाला अप्पांनी तेच सांगितलं. कुणी विचारलं, “तुम्ही कोण?” तर “शेजारी” म्हणाले. एकानं तर सरळ विचारलं, “तुमचाही संच होता का यात?” अप्पा म्हणाले, “होता.” त्यावर तो माणूस ओठाच्या एका कडेनं हसला. ते हसू अप्पांना चांगलं ओळखीचं होतं. भाजीवाल्यांपुढे ते स्वतः तसंच हसत आले होते. त्यांची मान खाली गेली. मग वर आली. “मुद्दाम नाही मारलं,” ते त्या माणसाच्या पाठीला म्हणाले.

मी पुढे होऊन एका बाईला सांगितलं, “खरंच आपोआप झालं, मी इथेच होते.” तिनं माझ्याकडेही तसंच पाहिलं. घरचीच माणसं, दुसरं काय बोलणार, असं.

दुपार झाली. “अप्पा, काहीतरी खाऊन घ्या,” मी म्हणाले. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. त्यांचे पाय सुजतात, त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते. काका टेबलामागे स्टुलावर बसून होते. त्यांना पटलं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. येणारा माणूस काय म्हणतो, अप्पा काय सांगतात, ते सगळं ऐकत होते आणि कापलेल्या करंगळीवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवत होते.

गर्दी जरा ओसरली तेव्हा ते उठले. स्टूल उचललं, टेबलाला वळसा घालून आले आणि अप्पांच्या मागे ठेवलं. मग जाऊन आपल्या जागी उभे राहिले.

अप्पांनी वळून स्टुलाकडे पाहिलं. काकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता बसतील, किंवा रडतील. पण तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ टेबलापाशी येऊन कार्ड वाचायला लागले होते.

“माल चोख आहे,” अप्पा त्यांना सांगू लागले. ते अजून उभेच होते.